सकाळचं नाशिक: दोघांसाठी दोन दिवस, पायी आणि पोटभर

नाशिकला जाऊन आलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ऊन फार होतं, देवळात गर्दी होती, मिसळ संपली होती. या तिन्ही तक्रारी दुपारच्या आहेत. नाशिक हे सकाळचं गाव आहे. पहाटे साडेपाचपासून अकरापर्यंत ते जे देतं, ते उरलेल्या दिवसात पुन्हा मिळत नाही. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी शनिवार-रविवार काढून येणार असतील तर सगळा बेत या साडेपाच तासांभोवती बांधावा. बाकीच्या वेळात झोप, द्राक्षमळे आणि जेवण सहज बसतात.

म्हणूनच पहिला सल्ला असा की शनिवारी सकाळी निघू नका, शुक्रवारी रात्रीच पोचा. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी पंचवटी एक्सप्रेस यासाठी सगळ्यात सोयीची. ती रात्री नाशिकरोडला आणून सोडते. रस्त्याने येणाऱ्यांसाठी जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आहे. कसारा घाटाऐवजी बोगद्यातून इगतपुरीला निघता येतं आणि पुढे जुन्या महामार्गाने नाशिक गाठता येतं. मात्र समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे बाइकवर येणाऱ्या दोघांना कसारा घाटच. पुणेकरांनी रेल्वेच्या नादी लागू नये. शिवाजीनगरच्या, म्हणजे सध्या वाकडेवाडीच्या स्थानकातून एसटी धरावी. अंतर साधारण 210 किलोमीटर आहे. पाच तास धरा आणि चाकणच्या कोंडीसाठी वेगळा वेळ हाताशी ठेवा.

नवख्या माणसाची फसगत होते ती स्टेशनवर. नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक गाव नव्हे. मधे नऊ-दहा किलोमीटर आहेत. बाहेर पडल्या पडल्या रिक्षावाले अंगावर येतात. मीटरची अपेक्षा ठेवू नका, भाडं आधी ठरवा आणि "शालिमारला", "सीबीएसला" (मध्यवर्ती बसस्थानक), "पंचवटी कारंजाला" असं नेमकं ठिकाण सांगा. नुसतं "नाशिकला" म्हटलं की भाडं वाढतं. दिवसा महापालिकेची सिटीलिंक बस किंवा शालिमारपर्यंतची शेअर रिक्षा पुरते. रात्री उशिरा मात्र दोघांत एक स्वतंत्र रिक्षा करणं शहाणपणाचं.

मुक्काम कुठे करावा यावर फार डोकं खाजवायला नको. सीबीएस, मुंबई नाका, कॉलेज रोड या त्रिकोणात कुठेही राहा. इथून गोदावरीचा गंगाघाट दहा-पंधरा मिनिटांत, पांडवलेणी वीस मिनिटांत आणि द्राक्षमळ्यांकडे नेणारा गंगापूर रोडही हाताशी. पंचवटीतल्या धर्मशाळा आणि भक्तनिवास स्वस्त आहेत, पण रात्री लवकर दार लावतात. द्राक्षमळ्यांतली रिसॉर्ट देखणी आहेत, पण तिथे राहिलात तर पहाटे घाटावर यायला गाडी मिळत नाही आणि निम्मं नाशिक हातचं जातं.

शनिवार पहाट: गंगेवर

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. रिक्षावाल्याला "गंगेवर सोडा" म्हटलं की तो रामकुंडाशी आणून सोडतो. सव्वासहापर्यंत पोचावं. त्या वेळी स्नानाला आलेले लोक, दशक्रियेला आलेली कुटुंबं, फुलवाले आणि पुजारी आपापल्या कामात असतात आणि नुसत्या बघणाऱ्याकडे कुणी वळत नाही. आठनंतर चित्र बदलतं. "पूजा करायची का?" हा प्रश्न दर दहा पावलांवर येतो. करायची नसेल तर "नको, दर्शनाला आलोय" एवढं एकदाच स्पष्ट सांगावं. थांबून चौकशी केलीत की सुटका नाही. रामकुंडावर अस्थिविसर्जन चालतं, लोक दुःखात असतात, तिथे फोटोसाठी मोबाइल वर करू नये.

रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती जरूर पाहावा, कारण तो नाशिकचं पूरमापक यंत्र आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावात आकडा विचारत नाहीत, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" असं विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला, आणि डोकं बुडालं की मोठा पूर. जुलै ते सप्टेंबर या काळात येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. विसर्ग वाढला की रामकुंड आणि आसपासची छोटी देवळं पाण्याखाली जातात, घाट बंद होतो आणि ही सकाळ वाया जाते. आदल्या रात्री स्थानिक बातम्यांत विसर्ग बघून ठेवा.

कुंडासमोर पायऱ्या चढून कपालेश्वर. शंकराच्या देवळात समोर नंदी असतोच, इथे नाही, आणि भाविक त्यामागची कथा आवडीने सांगतात. तिथून खाली उतरून नारोशंकराचं मंदिर गाठावं. नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ. प्राकाराच्या भिंतीवरची मोठी घंटा वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मिळालेली. देवळाच्या बाहेरच्या अंगाला शिल्पांचे थर आहेत, त्यांत प्राण्यांच्या रांगा आहेत. सातच्या सुमारास ऊन तिरपं पडतं तेव्हाच ही बारकाई उठून दिसते. दुपारी सगळं दगडी आणि सपाट वाटतं.

काळाराम मंदिर इथून चालत सहा-सात मिनिटांवर. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दगडात बांधलेलं. भोवती ओवऱ्यांची चौकोनी भिंत, मधे मोकळं फरसबंद पटांगण आणि पुढे वेगळा उभा असलेला सभामंडप. पूर्वेच्या दारातून आत शिरा, देवळाचा पूर्ण आकार तिथूनच डोळ्यांत भरतो. याच देवळाच्या दारात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पाच वर्षांहून अधिक चालला. देवळाची उंची बघून परत फिरणारे पुष्कळ. ज्या दारांवर माणसं अडवली गेली, ती दारं बघायला थांबणारे थोडे. दोन्ही बघा.

शेजारची सीतागुंफा अगदी अरुंद आहे. वाकून, काही ठिकाणी बसून सरकत उतरावं लागतं आणि एकदा आत गेलात की मधून मागे फिरता येत नाही. दम्याचा त्रास असेल, बंद जागेची भीती वाटत असेल किंवा गुडघे दुखत असतील तर बाहेरचे पंचवटीचे वड बघून पुढे चला. रविवारी सकाळी नऊनंतर इथली रांग तासाभराची होते, आणि आत घालवायचे असतात पाच मिनिटं.

मिसळ: चांगली कुठली, हे कसं ओळखावं

नाशिकमध्ये मिसळ खाण्याची वेळ साडेआठ ते दहा. त्याचं कारण भांड्यात आहे. रस्सा पहाटे एकदाच मोठ्या पातेल्यात होतो आणि मंद आचेवर बसून राहतो. दहानंतर तो आटतो, खारट होतो, मग त्यात पाणी पडतं. पाणी पडलं की मसाला खाली बसतो आणि तेल वर येतं. बारा वाजता मिळणारी मिसळ लाल दिसते, झणझणीत लागते, पण तिच्यात चव उरलेली नसते. सकाळची मिसळ खाल्लेल्या माणसाला हा फरक पहिल्या चमच्यात कळतो.

नाशिकची ओळख काळ्या मसाल्याची. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून, लसूण, धणे, दगडफूल, लवंग, मिरी असे खडे मसाले घालून केलेलं वाटण हा या रश्श्याचा कणा. खोबरं करपलं की रस्सा घशाशी कडू लागतो. कांदा कच्चा राहिला की गोडसर, उग्र वास येतो. म्हणून ताट समोर आलं की पाव उचलण्याआधी नुसता रस्सा चमचाभर प्या. जिभेवर आधी खोबऱ्याचा भाजका वास, मग तिखट, आणि शेवटी लवंग-मिरीची ऊब, या क्रमाने चव आली तर स्वयंपाकघर जाणत्या हातात आहे. आधीच तिखट बसलं आणि पुढे काहीच आलं नाही, तर तो नुसत्या मिरचीपुडीचा रंग.

दुसरी खूण मटकीची. मोड दाण्याला चिकटलेले हवेत. वाटीत मोड वेगळे आणि दाणे वेगळे तरंगत असतील तर मटकी जास्त शिजली. दाताखाली दाणा किंचित कुरकुरला पाहिजे. तिसरी खूण पावाची. बोटाने दाबून सोडल्यावर परत फुगला तर आजचा, खड्डा तसाच राहिला तर कालचा.

खाण्याची पद्धतही आहे. सगळा रस्सा एकदम फरसाणावर ओतू नका, दोन मिनिटांत लगदा होतो. अर्धी शेव बाजूला काढून ठेवा आणि रस्सा पळी-पळीने घ्या. दही गरम रश्श्यात मिसळलं तर फुटतं, त्यामुळे ते बाजूला ठेवून तोंड भाजलं की चमचाभर घ्यावं. पापड शेवटच्या घासांवर चुरावा. बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, पण जादा पावाचे पैसे वेगळे असतात आणि दोघांत एक प्लेट मागितली तर नाही म्हणतात. त्यात गैर काही नाही, रश्श्याला मोजमाप नसतं. दोघांनी एक तिखट आणि एक मध्यम अशा दोन प्लेट घ्याव्यात, म्हणजे दोन्ही चवी होतात.

कुठे जावं? घाटावरून चालत येणाऱ्यांसाठी पंचवटी कारंजावरची अंबिका. काळ्या रश्श्यासाठी आमची पहिली पसंती हीच. जागा साधी, बसायला दाटी, लक्ष सगळं ताटात. जुन्या गावातलं भगवंतराव हे मूळच्या मिठाईवाल्याचं नाव, तिथे मिसळीनंतर गोड खायला वेगळीकडे जावं लागत नाही. गंगापूर-सातपूर लिंक रोडवर मोतीवाला कॉलेजजवळ साधना आहे, चुलीवरच्या मिसळीसाठी नावाजलेलं. मोकळी जागा आहे, ऐसपैस बसता येतं, धुराचा हलका वास रश्श्याला लागलेला असतो. पण रविवारी इथे सगळं नाशिक आणि निम्मी मुंबई येते. साडेआठच्या आत पोचलात तर लगेच जागा, साडेनऊला पोचलात तर नाव सांगून बाहेर उभं राहा. शक्यतो शनिवारी जा. ही तीनही ठिकाणं एका फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. एका सकाळी एक मिसळ, एवढंच पोट झेपवतं.

मिसळीवर जिलेबी ही नाशिकची रीत. जुन्या गावात बुधा हलवाईचं नाव घेतलं की कुणीही रस्ता दाखवतं. दोघांत पाव किलो पुष्कळ झाली. कढईतून पाकात आणि पाकातून थेट कागदावर आलेली घ्या. परातीत रचून ठेवलेली जिलेबी पाक पिऊन मऊ पडते.

मेन रोडवर सायंतारा साबुदाणा वडा आहे. हा वडा बसून वाट बघून खायचा प्रकार. घाणा बाहेर पडतो त्याच क्षणी घेतला तर वरचं कवच कडक आणि आत दाणा मोकळा. पाच मिनिटांनी तोच वडा वाफेने आतून चिकट होतो. म्हणून पार्सल अजिबात नको. मिसळीच्या दिवशी हा झेपणार नाही, दुसऱ्या दिवशीच्या फेरीत घ्या. संध्याकाळी भूक लागली तर पाववडा शोधा. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून आख्खा पावच बेसनात बुडवून तळतात. एक दोघांत पुरतो.

बाजार

मिसळ जिरवायला जुन्या गावातून चाला. सराफ बाजार, भांडी बाजार, मेन रोड, रविवार कारंजा हा पट्टा अर्ध्या तासाचा आहे. गल्ल्या चढउताराच्या, कारण जुनं नाशिक टेकड्यांवर वसलंय. दोघांना शेजारी शेजारी चालता येईल एवढीच रुंदी आणि त्यातून दुचाकी काढणारे. दुकानं दहा-साडेदहाशिवाय उघडत नाहीत. तांब्या-पितळेची भांडी नाशिकची जुनी खासियत. भांडं वजनावर मिळतं, त्यामुळे आधी भाव विचारा आणि मग वजन समोर करून घ्या. हाताने ठोकलेल्या भांड्याचे ठोके आतल्या अंगालाही बोटाला जाणवतात. यंत्रावर ठसा उठवलेल्याचे सगळे ठोके एकसारखे आणि एकाच अंतरावर असतात. पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई करूनच घ्या, नाहीतर आमटी-ताकासारखं आंबट कळकतं. मोठं भांडं नको असेल तर तांब्याचा एक तांब्या घ्यावा, पिशवीत मावतो.

याच भागात शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथे पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, आहेत, पण वर्षभर त्या लाकडं आणि मातीने झाकलेल्या असतात. नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि त्या एका दिवशी या रहाडी उघडून रंगाच्या पाण्याने भरतात. ते बघायचं असेल तर तारीख त्याप्रमाणे ठरवावी लागेल. आणखी एक सूचना: 2027 च्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्त्यांची कामं चालू आहेत, तेव्हा गूगलने दाखवलेला रस्ता खोदलेला निघू शकतो. रिक्षावाल्याचं ऐका.

शनिवार दुपार: द्राक्षमळे

दुपारी दोन तास झोपा. चारला गंगापूर रोडने निघा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा अशा वायनरी जवळजवळ आहेत. इथे सगळ्यात मोठा गैरसमज हंगामाचा. नाशिकच्या वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहाराची छाटणी. फळ येतं ते ऑक्टोबरच्या छाटणीवर, साधारण चार महिन्यांनी. म्हणजे वेलीवर घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च. मे महिन्यात येऊन "द्राक्षं कुठायत?" विचारणाऱ्यांना नुसत्या काड्या आणि नवी पालवी दिसते. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. तोडून तोंडात टाकू नका. एक तर फवारणी असते आणि दुसरं म्हणजे ते शेतकऱ्याचं पीक आहे.

टूरमध्ये स्टीलच्या टाक्या, थंड ठेवलेलं आंबवण आणि लाकडी पिंपं दाखवून मग टेस्टिंग होतं. दोघांना वाइनची सवय नसेल तर एकाने टेस्टिंग घ्यावं आणि एकाने गाडी चालवावी, किंवा दोघांनी घ्यायचं तर जाऊन-येऊन कॅब आधीच ठरवावी. अंधार पडल्यावर तिथून शहराकडे यायला गाडी मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भाड्याने. राज्यात वाइनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि ड्राय डे कॅलेंडरात बघून या. शनिवारी संध्याकाळी मोठ्या वायनरीत बसायला जागा मिळणं अवघड आणि आवाजही फार. शांतपणे गप्पा मारायच्या असतील तर लहान जागा निवडा, किंवा वाइन सोडून धरणाच्या काठावर सूर्यास्त बघा. एमटीडीसीचा बोट क्लब आणि ग्रेप पार्क रिसॉर्ट तिथेच आहे. वाइन न पिणाऱ्यांना ही संध्याकाळ कमी वाटणार नाही. येताना सोमेश्वरचं देऊळ रस्त्यातच लागतं.

रात्री जेवायला काळ्या रश्श्याचं मटण किंवा शेवभाजी, सोबत बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी. नाशिक खानदेशाच्या उंबऱ्यावर असल्याने शेवभाजी आणि थंडीत हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत इथे घरच्या हातचं मिळतं. शेवभाजीची शेव जाड आणि तिखट लागते, ती वाढतानाच रश्श्यात टाकायला सांगा. आधीच घालून ठेवली तर फुगून पीठ होते. सकाळी मिसळ झालेली असते, म्हणून दोघांत एक थाळी आणि वर दोन भाकऱ्या मागवा.

रविवार: लेणी

पांडवलेणीला जास्तीत जास्त साडेआठपर्यंत पायथ्याशी असावं. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. पायथ्याशी फाळके स्मारक. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वीस मिनिटं लागतात. पायऱ्यांवर दहानंतर ऊन तापतं. पाण्याची एकेक बाटली खालूनच न्या. पांडवांशी यांचा संबंध नाही. ही 24 बौद्ध लेणी आहेत, सगळ्यात जुनं काम इसवी सनाच्या आधीचं. टेकडीचं जुनं नाव त्रिरश्मी.

घाईने चोवीसही बघण्यापेक्षा तीन नीट बघा. क्रमांक 18 हा गटातला एकमेव चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, त्याची दर्शनी कोरीव कमान बाहेरून निरखावी. क्रमांक 10 हा नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा विहार, म्हणजे भिक्षूंचं निवासस्थान. तिथल्या लेखात चक्क मुदत ठेव आहे. 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले, 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने, आणि व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च चालवायचा. मुद्दल परत करायची नाही. ते गोवर्धन आजही गंगापूर रोडला आहे, आदल्या दिवशी तुम्ही त्याच्यावरूनच द्राक्षमळ्यात गेलेले असता. आणि क्रमांक 3 मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात केला, असं ती आई त्यात अभिमानाने सांगते. हरलेल्याचं दान आणि जिंकणाऱ्याच्या आईचा लेख, चालत दोन मिनिटांच्या अंतरावर. क्रमांक 3 च्या व्हरांड्याखाली तुळया डोक्यावर पेललेले यक्ष आहेत, वर बघत आत शिरणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटतात.

लेख वाचता येत नसले तरी अक्षरं दिसायला हवीत. मोबाइलचा दिवा समोरून मारला की भिंत पांढरी होते आणि काही कळत नाही. दोघांपैकी एकाने दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरावा आणि दुसऱ्याने समोर उभं राहावं. खोदलेल्या रेघेत सावली बसते आणि ब्राह्मी अक्षर न अक्षर उठून येतं. भिंतीला हात लावू नका, बोटांचं तेल दगडावर साचतं.

खाली उतरलात की अकरा वाजलेले असतील. याच दिवशी त्र्यंबकेश्वर, शिर्डी, वणी यांतलं काही जोडायचा मोह होतो. त्र्यंबक फक्त 28-30 किलोमीटर आहे, पण रविवारी दर्शनाची रांग तासन् तास चालते आणि श्रावणात तर विचारूच नका. जायचंच असेल तर लेणी सोडा आणि पहाटे पाचला निघा. वणी आणि शिर्डीसाठी वेगळी सुट्टी काढा. वाचन-लेखनाची आवड असलेल्या दोघांनी टिळकवाडीतलं कुसुमाग्रजांचं निवासस्थान बघावं, तासाभराची शांत जागा आहे.

निघण्याआधी खरेदी. कोंडाजी चिवड्याची दुकानं शहरभर आहेत, दाराशी चाखायला देतात, पाकिटावरची तारीख बघून घ्या. घरी पोचल्यावर पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, तळलेला कांदा आधी सादळतो आणि मग सगळा चिवडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर द्राक्षं घेतल्याशिवाय परतू नका. घड उचलून देठ बघा, हिरवा आणि ताठ असेल तर ताजं, तपकिरी आणि वाळका असेल तर दोन-तीन दिवसांचं. मण्यांवरची पांढरी लव औषधाची नसते, ती फळाची स्वतःची असते आणि माल कमी हाताळल्याची खूण असते. फवाऱ्याचे डाग ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. घरी मीठ घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुवा, पण खाण्याच्या वेळीच. धुऊन ठेवलेली द्राक्षं लवकर फुटतात. मुंबईकडे परतणाऱ्यांना रविवारी संध्याकाळची शिर्डी-मुंबई वंदे भारत बरी पडते. नाशिकरोडला ती जेमतेम थांबते, तेव्हा शहरातून दीड तास आधी निघा. द्राक्षांची पेटी वरच्या फळीवर ठेवू नका, वरून कुणाची तरी बॅग येतेच. पायाशी ठेवा, वर कागदाचा एक थर घालून.